वरच्या काकू

पडद्यावर 'भिंगरी' हे नाव उमटलं तेव्हा बाई पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होत्या, आणि उघडायचं सोडून त्या ते आणखी घट्ट पिळत बसल्या. काळजात धस्स झालं म्हणतात तसं लगेच काही झालं नाही. आधी नुसतं बघणं झालं. मग हात थांबला. मग बरगड्यांच्या खाली कुठेतरी काहीतरी हललं, जिन्याची एक पायरी अजून आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. भिंगरी. हे नाव जगात एकाच माणसाच्या तोंडी होतं, आणि ते माणूस जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. लहानपणी बाई घरभर गोल गोल फिरायच्या, टेबलाला धरून, दाराच्या कडीला धरून, कशालाही न धरता डोळे मिटून, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं ए भिंगरे, आपटशील!" बाबांनी त्यांना अशी हाक कधी मारली नाही. नवऱ्याला तर हे नाव ठाऊकच नव्हतं. बाईंनीच सांगितलं नव्हतं, उगाच चिडवत बसला असता. आणि आता ते नाव या गारठवून टाकणाऱ्या सभागृहात, हातभर अक्षरांत, भिंतीवर. समोर खुर्च्यांत विखरून बसलेली माणसं, निम्मी मोबाईलमध्ये, दोघंतिघं चक्क पेंगत. छे, बाई मनाशी म्हणाल्या, भिंगरी काय, कुणाचीही असू शकते. एक जागी न टिकणारी पोर ज्या घरात असेल त्या घरात एखादी भिंगरी निघेलच.

सत्र बाईंचंच होतं, म्हणजे त्या सत्राच्या अध्यक्ष होत्या. समाजशास्त्राच्या परिषदेचा दुसरा दिवस, जेवणाआधीचं सत्र, विषय 'वार्धक्य आणि संवाद'. अध्यक्षपद बाईंकडे यायचं ते नुसत्या विद्वत्तेमुळे नव्हे. विद्वान पुष्कळ असतात; निबंध वाचणाऱ्याला वेळेत गप्प करू शकेल असं माणूस या क्षेत्रात सापडणं मुश्कील. बाकीचे अध्यक्ष घंटी वाजवतात, खाकरतात, घड्याळाकडे बघून केविलवाणं हसतात, आणि बोलणारा आपला बोलतच राहतो. बाईंच्या पर्समध्ये तीन कार्डं कायमची असत, स्वतः कापून वर प्लास्टिक चढवून घेतलेली: 'पाच मिनिटं', 'दोन मिनिटं' आणि 'थांबा'. शेवटचं लाल. ते वर गेलं की भलेभले वाक्याच्या मधोमध थांबत. मागे एकदा एका कुलगुरूंनाही त्यांनी लाल कार्ड दाखवलं होतं आणि कुलगुरू मुकाट्याने खाली बसले होते. तो किस्सा अजून चहाच्या वेळी रंगवून सांगितला जाई. पाठीमागे सगळे आपल्याला घड्याळबाई म्हणतात हे बाईंना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं.

आत्ता बोलत होती ती पोरगी पीएच.डी.च्या अखेरीला आलेली, किडकिडीत, चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा, गळ्यातलं ओळखपत्र सारखं उलटं होणारं. तिच्या निबंधाचं नाव होतं 'माझं छान चाललंय: एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं मुलांशी फोनवरचं खोटं बोलणं'. सकाळी कार्यक्रमपत्रिकेत ते वाचून बाईंची भुवई वर गेली होती. 'खोटं' हा शब्द संशोधनात त्यांना पसंत नव्हता. पोरगी मात्र छान बोलत होती. ती सांगत होती की ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची नावं अर्थातच गुप्त ठेवली आहेत, पण टोपणनाव तिने ज्याचं त्यालाच निवडू दिलं. कुणी आवडत्या नटीचं घेतलं, एका आजोबांनी आपल्या कुत्र्याचं घेतलं. "आणि या भिंगरीबाई. निवृत्त शिक्षिका. यजमान नाहीत. एकच मुलगी, परगावी." शिक्षिका! हुश्श. आई कुठली शिक्षिका? आईने सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला हेडफोन आणि समोर खुंट्यांचा फळा. बाटलीचं झाकण एकदाचं उघडलं. पण दोन घोट पोटात जातायत न जातायत तोच बाईंना आठवलं. ओळख झाकायची तर व्यवसाय बदला, गाव बदला, वय थोडं मागेपुढे करा. माणूस तेवढा बदलू नका. हे वाक्य वर्षानुवर्षं त्यांनी स्वतः वर्गात सांगितलं होतं. मुलं त्याच्याखाली रेघ मारून घेत. म्हणजे ही बाई शिक्षिका असेल असं नाही. म्हणजे ही बाई शिक्षिका सोडून काहीही असू शकते.

"मी भिंगरीबाईंचे शब्द जसेच्या तसे वाचते," पोरगी म्हणाली, आणि वाचू लागली. "'मुलीचा फोन रविवारी येतो. काय चाललंय, म्हणते. आता माझं काय चालणार गं? सकाळी उठते, संध्याकाळ कधी होते बघते, संध्याकाळ झाली की झोप कधी येते बघते. हे का फोनवर सांगायचंय कुणाला? बोलायला काहीतरी लागतं, नाहीतर ती 'बरं मग, ठेवते' म्हणते. म्हणून मग मी वरची काढली.'" पोरगीने मान वर केली. "वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची शेजारीण. आता गंमत अशी, की ही शेजारीण नाहीच. वरचं घर कितीतरी वर्षं कुलूपबंद आहे. भिंगरीबाईंनी ती बाई फोनपुरती बनवली." सभागृहात हशा पिकला. पेंगणारे दचकून जागे झाले आणि शेजाऱ्याला विचारू लागले, काय झालं. बाईही हसल्या. सगळे हसले की आपलंही तोंड हसतं, त्याला काही विचार करावा लागत नाही. आणि तोंड हसत असतानाच त्यांना कळलं की आपण वरच्या काकूंना हसतोय.

वरच्या काकू! त्यांना तर बाई चांगल्या ओळखत होत्या. कधी पाहिलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? काकूंचा तो डावा गुडघा, जिना चढताना कुरकुरणारा. काकू पत्त्यांत बेमालूम लबाडी करत आणि पकडलं की डोळ्यांना कमी दिसतं म्हणत. आईची चांगली कात्री घेऊन गेल्या आणि महिनाभराने आणून दिली ती बोथट. काकूंची सून सुगरण पण तोंडाने तिखट, आणि मुलगा, तो एक नंबरचा विसरभोळा, कुठेतरी लांब नोकरीला, आईला फोन करायचा तर त्याची आठवण त्याच्या बायकोने करून द्यायची. रविवारी फोन लावला की आधी ठरलेलं बोलणं होई: जेवलीस का, जेवले, औषध घेतलंस का, घेतलं, थंडी आहे का तिकडे. अगदी प्रश्नावली. ते सगळं संपलं की पलीकडे आणि अलीकडे दोन्हीकडे जरा रिकामं व्हायचं, आणि तेवढ्यात बाई विचारायच्या, "आणि वरच्या काकू काय म्हणतात?" मग आईला असा काही हुरूप यायचा! "अगं, विचारू नकोस! काल काय झालं माहितीये?" बाई हॉटेलच्या पॅसेजमध्ये उभ्या असत, खांद्याला कुठल्याशा परिषदेची कापडी पिशवी, किंवा विमानतळावर पट्ट्यावरच्या सामानाकडे नजर ठेवून, आणि मोठ्याने हसत असत. लोक वळून बघत. फोन ठेवल्यावर त्यांना वाटे, बरं झालं बाई, आईला इतकी छान सोबत आहे. आपण जवळ नाही तर नाही, वर कुणीतरी आहे. या एका 'कुणीतरी'वर त्यांनी किती वर्षं डोकं टेकून झोप काढली होती, ते आता, या खुर्चीत, मोजायची त्यांना हिंमत होईना.

आणि कळलं कसं नाही? बाईंचा सगळा लौकिकच लोकांचं बोलणं ऐकण्यावर उभा. माणूस कुठे थांबतो, कुठला शब्द गिळतो, कशाच्या आधी हसतो, यावर त्यांनी पुस्तक लिहिलेलं. परकी माणसं त्यांच्यासमोर पाच मिनिटांत उघडी पडत. पण आईचा फोनवरचा आवाज हा तिच्या नोकरीचा आवाज होता. आईच सांगायची, ऑपरेटरने ओठ ताणून बोलायचं, म्हणजे पलीकडच्याला हसू ऐकू जातं. एक्स्चेंजमध्ये कुणाचं लग्न मोडलेलं असे, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असे, पण हेडफोन चढवला की सगळ्याजणींचा आवाज एकसारखा गोड. बाबा गेले त्या महिन्यातही आई कामावर गेली होती आणि तिची एकही तक्रार आली नव्हती, याचा तिला केवढा अभिमान! तो आवाज तिने मुलीसाठीही लावला. मुलीने तो खरा मानला. घरी गेल्यावर समोर बसलेली आई निराळी असायची, गप्पगप्प, पायांकडे बघत बसणारी. बाईंना वाटे, आता वय झालं, समोरासमोर तिला सुचत नाही, फोनवर कशी खुलते. समोर बसलेली आई खरी, हे साधं त्यांच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात येईल एवढा वेळ त्या तिथे राहिल्याच कधी?

"'बनवली खरी,'" पोरगी वाचत होती, "'पण मग तिचा उपयोगही व्हायला लागला. मी न्हाणीघरात घसरले तेव्हा म्हटलं, अगं, वरची पडली.'" पुन्हा हसू आलं लोकांना, पण या वेळी जरा बिचकत. बाई हसल्या नाहीत. त्यांना तो फोन लख्ख आठवत होता. काकू पडल्या, कंबरेला मार लागला, दोन दिवस उठताच आलं नाही, शेवटी सरपटत जाऊन दाराची कडी काढली. "अगं आई गं," बाई म्हणाल्या होत्या, अगदी मनापासून. "रबराची चटई घालायला सांग त्यांना तिथे. भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या म्हणावं. आणि त्यांचा मुलगा काय करतोय? त्याला काही कळतं की नाही? एवढा कसा नालायक असू शकतो गं एखादा माणूस!" त्या खूप चिडल्या होत्या त्या मुलावर, गाल लाल होईपर्यंत. आणि आई घाईघाईने म्हणाली होती, "नाही गं, तसा नाही तो. चांगला आहे. कामात असतो फार." नंतर केव्हातरी काकूंना रात्री धाप लागायला लागली. बाई म्हणाल्या, हे अंगावर काढायचं नसतं, हृदयाचं असू शकतं, मुलाला म्हणावं ताबडतोब ने मोठ्या डॉक्टरकडे. "नेईन म्हणालाय," आई म्हणाली, "जरा मोकळा झाला की." मोकळा झाला की! बाईंनी समोरच्या टेबलाची कड धरली. टेबलावर निळं कापड अंथरलेलं होतं, त्याला खाली घडीची सुरकुती होती, आणि ती सुरकुती त्या बोटाने सपाट करू लागल्या, एकदा, दोनदा, पुनःपुन्हा. ती काही सपाट होईना.

आणि मग तो फोन, ज्याची आठवण आतापर्यंत बाईंना कधीच झाली नव्हती, कारण लक्षात ठेवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नव्हतं. त्या कुठल्याशा परिषदेच्या दारात होत्या, सत्र सुरू व्हायला आलेलं, कार्डं हातात. आईनेच फोन केला होता, रविवार नसताना. म्हणाली, "अगं, वरची सारखी रडते गं हल्ली." का, तर कारण काही नाही. खिडकीशी बसते आणि रडू येतं म्हणते. सकाळी येतं, दुपारी येतं. "काय करावं गं अशा वेळी?" आई विचारत होती. आतून कुणीतरी बाईंना खुणावत होतं, चला चला. आणि बाई त्यांच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या होत्या, "लक्ष वेधून घ्यायचं असतं गं अशा माणसांना. तू नको मनावर घेऊस. फार ऐकून घेतलंस ना, तर रोज येऊन बसतील डोक्यावर." पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना तो क्षण ऐकू आला नाही. मग आई म्हणाली, "हो बाई, तेही खरंच." ओठ ताणून. त्यानंतर वरच्या काकू किती बदलल्या! गाणं शिकायला लागल्या, आणि कसलं गाणं, आख्खी इमारत हैराण. सून सुधारली. गुडघा बरा झाला. मैत्रिणींबरोबर तळ्याकाठी सहलीला गेल्या आणि येताना चप्पल विसरून आल्या. दोन वर्षं काकूंची नुसती चंगळ चालली होती. आई गेली त्याच्या आदल्या रविवारी काकूंनी केस कापून घेतले होते, आणि त्या अगदी पोरीसारख्या दिसत होत्या म्हणे.

आई झोपेतच गेली. दुधाच्या पिशव्या दाराशी तशाच राहिल्या म्हणून खालच्या दुकानदाराने चौकशी केली. वरच्या काकूंनी कशी नाही केली, असं बाईंना तेव्हा एकदा वाटून गेलं होतं. पण लगेच त्यांनीच उत्तर काढलं की मुलाकडे गेल्या असतील. शोधायचं म्हटलं तर माणूस कसलंही उत्तर शोधून काढतो, आणि शिकलेलं माणूस तर फारच पटकन. घर आवरून झाल्यावर त्या काकूंना भेटायला वर गेल्या होत्या. एक लोकरीची शाल घेतली होती काकूंसाठी, चांगली राखाडी, आईला आवडली असती अशी. दाराला कुलूप. कुलपावर गंज. घंटीचं बटण दाबलं तर ते आतच रुतून बसलं. पायपुसणंही नव्हतं दाराशी. हे सगळं त्यांनी पाहिलं, आणि पाहूनही शालीची पिशवी कडीला अडकवली, आत चिठ्ठी टाकली: तुम्ही आईला फार सोबत केलीत. जिना उतरताना त्यांना बरं वाटत होतं. एक कर्तव्य पार पडलं, असं वाटत होतं. अरे देवा.

हे सगळं बाईंच्या आत चाललेलं असताना त्यांचा उजवा हात बिनचूक आपलं काम करत होता. पाच मिनिटांचं कार्ड दाखवून झालं होतं, दोन मिनिटांचंही. बाईंना पत्ता नव्हता. इतक्या वर्षांची सवय, डोळा घड्याळाकडे आणि हात कार्डाकडे, मधे बाईंची गरज नव्हती. पोरगी भराभर वाचत होती, चष्मा सावरत, आणि म्हणत होती, "शेवटी मी त्यांना विचारलं, मुलीला खरं सांगावंसं कधीच नाही का वाटत? आणि या प्रश्नाला भिंगरीबाईंनी जे उत्तर दिलं, ते माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचं..." लाल कार्ड वर गेलं. पोरगी गप्प झाली. गडबडीने तिने बटण दाबलं, पडद्यावर एक मजकूर आला आणि वाचायच्या आत पुसला गेला, आणि त्याजागी 'धन्यवाद' आलं, कोपऱ्यात फुलांचं चित्र असलेलं. "सॉरी मॅडम," पोरगी म्हणाली. "शेवटचं सोडून देते." टाळ्या वाजल्या. बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून वरच होता.

अगं वाच ना! वाच ते! बाईंच्या आत कुणीतरी ओरडत होतं, आणि बाहेर बाई म्हणत होत्या, "अतिशय रोचक मांडणी. आता प्रश्न घेऊ." अध्यक्षच त्या. एका शब्दाने तो मजकूर पडद्यावर परत आणता आला असता. पण तो एक शब्द तोंडातून निघेना. लोक काय म्हणतील, घड्याळबाईंनी स्वतःच थांबवून स्वतःच नियम मोडला, ही एक लाज होतीच, पण ती वरवरची. खरं म्हणजे त्या घाबरल्या होत्या. त्या वाक्यात काय असेल? नको गं बाई, सांगून काय उपयोग, असं असेल? तिला कुठे वेळ आहे, असं असेल? आई आपल्याला काय समजून गेली, एवढंच त्यांना जगात आता हवं होतं, आणि तेच सगळ्यांसमोर भिंतीवर येऊ नये असंही वाटत होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतले टिप्पणीसर उठले. प्रत्येक परिषदेत एक टिप्पणीसर असतात. हे सगळ्यांत जुने. "माझा प्रश्न नाही, एक छोटीशी टिप्पणी आहे," ते म्हणाले, आणि असत्य या संकल्पनेचा उगम कुठे झाला तिथून त्यांनी सुरुवात केली. लोक आशेने बाईंच्या हाताकडे बघू लागले. हात टेबलावर पडून राहिला. टिप्पणीसर बोलले, बोलले, त्यांचं त्यांनाच दमल्यासारखं झालं तेव्हा थांबले, आणि आज आपल्याला कुणी थांबवलं नाही याचं त्यांनाही बिचाऱ्यांना जरा आश्चर्य वाटलं.

जेवणाच्या दालनात नेहमीचा गजबजाट. एका हातात प्लेट, दुसऱ्या हाताने खायचं की ओळख झाली म्हणून हात मिळवायचा, ही विद्वानांची रोजची पंचाईत. पोरगी एका कोपऱ्यात खिडकीपाशी उभी होती, आणि बाई येताहेत हे दिसताच तिने तोंडातला घास तसाच गिळला. "मॅडम! वेळ पाळली ना मी? मला सगळ्यांनी आधीच बजावलं होतं, घड्याळ..." तिने जीभ चावली. "घड्याळाकडे बघत बोल म्हणून." एरवी बाई हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, "शेवटचं राहिलं तुझं. त्या बाईंचं उत्तर." पोरगीचा चेहरा असा उजळला! एवढ्या मोठ्या बाई आपल्यापाशी येऊन विचारतात म्हणजे काय! तिने प्लेट खिडकीत ठेवली आणि मोबाईल काढला. "मॅडम, त्या ना फार गोड आहेत. त्या भागात मला कुणी दारात उभं करेना. लोकांना वाटायचं काही विकायला आलेय. यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ये बाई आत. माझीही लेक अशीच लोकांच्या दारोदार प्रश्न विचारत हिंडते. तिला कुणी पाणी दिलं नसेल तर? म्हणून तुला नाही म्हणवत नाही." बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर गाड्या उभ्या होत्या, एक ड्रायव्हर काच पुसत होता. "आवाज आहे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. "त्यांचा?"

"आहे ना! पण ऐकवता नाही यायचा, मॅडम," पोरगी म्हणाली, आणि जरा लाजून पुढे म्हणाली, "तुमच्याच पुस्तकात आहे की. आवाज हा माणसाचा पत्ता असतो, तो तिसऱ्याला द्यायचा नाही." असं वाक्य आपण लिहिलं होतं तर. काय शहाणपणा एकेक! मी तिसरी नाही, असं बाईंना म्हणायचं होतं. खरंच नाही का? आईने हे बोलणं या पोरीला दिलं होतं, समोर बसवून, पाणी देऊन, ओठ न ताणता. त्यांना दिलं नव्हतं. त्यांना दिल्या होत्या त्या वरच्या काकू. आणि इथे, या माणसांच्या कालव्यात, आईचा तो दुसरा आवाज, खरा, एकदम कानात आला तर आपण उभ्या राहू की नाही, याचाही त्यांना भरवसा नव्हता. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नको ऐकवूस. तू वाच."

पोरगीने वाचलं. चांगलं वाचलं, सावकाश, हातवारे न करता. "मी विचारलं, खरं सांगावंसं नाही वाटत? तर म्हणाल्या, 'सांगते की! सगळं सांगते. पडले ते सांगितलं, धाप लागते ते सांगितलं, काही म्हणून लपवत नाही. फक्त वरचीच्या नावावर सांगते. आणि तुला सांगू, इतकं मायेने ऐकते लेक! काय काय उपाय सुचवते. तिच्या सांगण्यावरूनच ती चटई घातली मी. वरचीच्या मुलाला तर अश्शा शिव्या घालते की बस. मला इतकं बरं वाटतं. माझ्यासाठीच घालते ना शेवटी? फक्त एकदा माझं चुकलं. घाईत होती बिचारी आणि मी मधेच फोन केला. तेव्हापासून मी वरचीला रडू देत नाही.'"

बाईंनी मान हलवली. हलवायची म्हणून हलवली, निबंध ऐकताना हलवतात तशी. पोरगी सांगत होती की या शेवटच्या वाक्यावर तिचं एक आख्खं प्रकरण उभं आहे, की तिच्या मार्गदर्शकांना ते फार भावनिक वाटतं, पण तिला ते काढायचं नाही, मॅडमना काय वाटतं? "नको काढूस," बाई म्हणाल्या. "ठेव." पोरगी खूश झाली. मग तिचा चेहरा जरासा उतरला. "प्रबंध झाला की पहिली प्रत त्यांना नेऊन दाखवायचीय मला. कबूल केलंय मी. पण त्या फोनच उचलत नाहीत हल्ली. मी इतक्यांदा लावला. मला वाटतं मुलीकडे राहायला गेल्या असतील. गेल्या असल्या तर किती बरं ना, मॅडम?"

"त्या गेल्या," बाई म्हणाल्या. "वारल्या. थंडीत, झोपेतच."

चष्म्याच्या आत पोरगीचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवले नाहीत. लहान होती अजून. तुम्हाला कसं माहीत, हेसुद्धा तिला सुचलं नाही. "अयाई गं," ती म्हणाली. "म्हणजे मग त्यांच्या मुलीला हे कळलंच नाही. कधीच नाही कळलं."

"कळलं," बाई म्हणाल्या. "आत्ता कळलं."

पोरगीला समजायला थोडा वेळ लागला. बाई त्याआधीच रडू लागल्या होत्या. रुमाल शोधला नाही, तोंड फिरवलं नाही, बाहेर निघून गेल्या नाहीत. भर दालनात, प्लेट हातात धरून, मोठ्याने. जवळच्या घोळक्यातलं बोलणं थांबलं, मग त्याच्या पलीकडच्या घोळक्यातलं. टिप्पणीसर चमचा धरून तसेच उभे. सगळे बघत होते. बघू देत. "आई गं," बाई म्हणत होत्या, "आई गं, आई गं," दुसरं काही त्यांना सुचत नव्हतं, आणि पोरगीने पुढे होऊन त्यांच्या हातातली प्लेट हळूच काढून घेतली.